एका डोळ्याचा सरदार आणि रिमूचं देवघर

बाई,

तुमचा सरदार अजून माझ्याकडे आहे. इथे न्यूझीलंडात, हॅमिल्टनमधल्या आमच्या घरी, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येताना डाव्या हाताला जी भिंत लागते, तिच्यावर तो असतो. लाल टोपी, लाल अंगरखा, मागे धूसर डोंगर, आणि वरच्या बाजूला खोबण पडल्यासारखं ते नाक. रंग आता बरेच उडालेत. कॅलेंडरवरून कापलेलं चित्र ते, टिकून टिकून किती टिकणार? पण त्याच्या जागी दुसरं आणावं असं कधी मनात आलं नाही. घरी पहिल्यांदा येणारा माणूस हातात चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर थांबतोच. पुण्याच्या एका काकूंनी एकदा हळूच विचारलं होतं, "तुमचे सासरे का गं?" नवरा त्यावर आठवडाभर हसत होता. तुम्हाला जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली. मधल्या काळात तुम्हाला सांगावंसं वाटलं असं पुष्कळ काही घडलं, पण लिहायला बसले नाही. आज बसले, कारण काल आमच्या घरात एक गोष्ट झाली आणि ती झाल्याबरोबर मनात आलं, हे बाईंना सांगायला हवं. आईला नाही, बहिणीला नाही, तुम्हाला.

नववीच्या इतिहासाच्या पुस्तकात युरोपातला प्रबोधनकाळ जेमतेम दीड पानाचा होता. इतर तुकड्यांमध्ये तो एका तासात संपला. तुम्ही आमचे दोन आठवडे त्यात घालवलेत. इचलकरंजीच्या त्या शाळेच्या मागच्या बाजूला सगळे यंत्रमागच होते. दिवसभर खडखडाट चालायचा, आणि त्याच्यावर आवाज चढवून तुम्ही इटलीबद्दल बोलायचात. एक दिवस तुम्ही पुठ्ठ्यावर चिकटवलेलं हे चित्र घेऊन वर्गात आलात, फळ्याला टेकवून उभं केलंत आणि काही न बोलता खुर्चीवर बसून राहिलात. मुली नाकाला हसायला लागल्या. तुम्ही सगळ्यांचं हसून होईपर्यंत थांबलात. मग म्हणालात, "हसून झालं? आता ऐका. हा माणूस उर्बिनो नावाच्या डोंगरावरच्या एका लहानशा गावाचा राजा. धंदा लढाईचा. कुणीही पैसे द्यावेत, ह्यानं त्यांच्या बाजूनं लढावं. खेळातल्या एका झुंजीत भाला लागून उजवा डोळा गेला. आणि असं म्हणतात, की उरलेल्या डोळ्याला पलीकडचंही दिसावं म्हणून ह्यानं स्वतःच्या नाकाचा तेवढा भाग कापून घेतला." वर्गात आता मागांचा आवाज तेवढा. "आता ह्या भाडोत्री लढवय्यानं मिळालेल्या पैशाचं काय केलं, ते आपण उद्या बघू." दुसऱ्या दिवशी शाळेला एकही मुलगी गैरहजर नव्हती.

त्यानं काय काय केलं ते अजून तुमच्याच शब्दांत मला पाठ आहे. डोंगराच्या कडेवर राजवाडा बांधला. चित्रकार, शिल्पकार, प्रमाणात बसणारी इमारत उभी करणारे गवंडी लांबलांबून बोलावून घेतले. हातानं लिहिलेली पुस्तकं जमवली. वरच्या मजल्यावर भिंतींच्या आडोशाला बाग केली, आणि हिवाळ्यात त्या बागेत पडलेला बर्फ खाली तळघरात ढकलून साठवायची सोय केली. गावातून फिरताना म्हणे तो बिनहत्यारी फिरायचा, कारागिरांच्या दुकानात शिरून त्यांची विचारपूस करायचा. आणि ह्या सगळ्यात त्याची एक लहानशी अभ्यासाची खोली. तिच्या भिंतींना रंग नव्हता, लाकूड होतं. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाचे नखाएवढे तुकडे एकमेकांत बसवून सुतारांनी त्या भिंतींवर कपाटं दाखवली होती. जाळीची दारं, काही अर्धवट उघडी, आत पुस्तकं, वाद्यं, चिलखताचे भाग, एक खारसुद्धा. "आणि हात लावाल तर सपाट," तुम्ही टेबलावरून तळवा फिरवत म्हणायचात. "गुळगुळीत सपाट! कपाट नाहीच!" तुम्ही स्वतः ती खोली कधी पाहिली नव्हतीत. सांगलीच्या पुढे तुमचं जाणं कधीतरीच. पण त्या क्षणी तुमचा हात त्याच भिंतीवरून फिरतोय असं आम्हाला वाटायचं.

मी तेव्हा घरी जाऊन सरदाराचं चित्र काढलं. तो एकाच बाजूनं दिसतो ह्याचं मला वाईट वाटलं होतं, म्हणून मी त्याला समोर तोंड करून बसवला आणि दोन्ही डोळे काढले. टपोरे. मोठ्या अभिमानानं तुम्हाला दाखवलं. "ह्याला दुसरा डोळा कुणी दिला?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, मी. मुली फिदीफिदी हसल्या. तुम्ही हसला नाहीत. "तू चांगुलपणानं दिलास, मला कळतंय. पण त्याच्या चित्रकाराचा चांगुलपणा तुझ्याहून मोठा आहे. त्यानं खोटा डोळा लावला नाही, आणि गेलेला डोळा चव्हाट्यावरही आणला नाही. जिकडून तो माणूस पुरता दिसतो तिकडे जाऊन उभा राहिला. हे काढ पुन्हा." मी रडले होते. चित्र मात्र पुन्हा काढलं. नवऱ्याचा खूप राग येतो तेव्हा, बाई, खरंच सांगते, मी मनातल्या मनात उठून त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहते. नेहमी जमतं असं नाही.

आणि शेठ आठवतात? शाळेच्या मागे ती उकिरड्यासारखी जागा होती, तिथे बाग करायचं तुमच्या डोक्यात आलं. शाळेकडे कशालाच काही नव्हतं. मग तुम्ही गेलात सूतगिरणीच्या मालकांकडे, आणि मुलींनी मागितलेलं नाकारायला जड जातं म्हणून आम्हा दोघीतिघींना बरोबर नेलंत. शेठ मोठ्या मनाचे होते. "बाग करू की बाई. पाणी देतो, माळी देतो, माती माझ्या ट्रकनं आणून टाकतो. फक्त मधोमध आमच्या वडिलांचा पुतळा बसवा. तयारच आहे."

"मधोमध कारंजं येणार," तुम्ही म्हणालात.

"मग कारंज्याच्या वर बसवा."

"वडिलांना सर्दी होईल, शेठ."

मुनीमजी खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. शेठ गंभीर झाले. मला वाटलं, बोंबललं. पण तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत आणि त्यांना नववीच्या मुलीसारखं शिकवायला लागलात. "इटलीत मोठमोठे लोक चित्रकारांकडून देवाची चित्रं काढून घ्यायचे. त्यात देव मधे असायचा. खर्च करणारा कोपऱ्यात, हात जोडून, गुडघे टेकून."

"गुडघे टेकून?"

"पण चेहरा हुबेहूब. आणि गंमत बघा शेठ, पाचशे वर्षांनी चित्र बघायला येणारा माणूस देवाला ओळखतोच. तो विचारतो, हा कोपऱ्यातला कोण?"

शेठांनी टेबलावरची काच रुमालानं पुसली. मग म्हणाले, "पाचशे वर्षं म्हणता?" वडिलांचा पुतळा कोपऱ्यात, नळाशेजारी बसला. परत येताना आम्ही हसू दाबत होतो, तर तुम्ही आम्हाला दटावलंत. "फसवलं नाही मी त्यांना. खरंच विचारतात लोक. ज्यानं दिलं त्याला जागा द्यायची, पण मधली नाही द्यायची. एवढंच असतं ते." कातरलेल्या मेंदीच्या चौकटी, मधून सरळ आडव्या-उभ्या वाटा. कारंजं फक्त सव्वीस जानेवारीला आणि गॅदरिंगला सुरू व्हायचं. शेठांच्या वडिलांच्या टोपीवर चिमण्या बसायच्या आणि आम्ही त्यांच्या नजरेखाली पाण्याच्या बाटल्या भरायचो. ती माझ्या आयुष्यातली पहिली बाग.

बारावी झाल्यावर मी तुमच्या घरी आले होते, मला इतिहासच शिकायचाय, तुमच्यासारखं शिकवायचंय, हे सांगायला. तुम्ही स्वयंपाकघरात एका हातानं पुस्तक धरून दुसऱ्या हातानं शेवया भाजत होतात, आणि शेजारी दूध उतू जात होतं. (तुमचा स्वयंपाक, बाई! मी आता इथल्या 'ते रापा' नावाच्या भागातल्या दूध कारखान्यात प्रोसेस इंजिनियर आहे. तुमच्या शेगडीवर जेवढं दूध गेलं, त्या प्रमाणात आमच्याकडे गेलं असतं तर मला कधीच घरी बसवलं असतं.) मला वाटलं होतं तुम्ही आनंदानं मिठी माराल. तुम्ही गॅस बंद केलात आणि म्हणालात, "तुझ्या वडिलांची तब्येत बरी नसते. इंजिनियरिंगला मार्क पुरतायत ना? मग आधी पायावर उभी राहा. इतिहास कुठे पळून जात नाही, तो तर होऊन गेलेला आहे." मला तेव्हा ते फार लागलं. तुम्हीसुद्धा इतर सगळ्यांसारख्याच, असं वाटलं. पण तुम्ही बरोबर होतात, आमच्या घरासाठी तरी. करपलेल्या शेवया आपण दोघींनी खाल्ल्या.

लग्न झालं, नवऱ्याला न्यूझीलंडचा व्हिसा मिळाला, आणि निघायच्या आदल्या आठवड्यात मी तुमच्या पाया पडायला आले. तुम्ही भिंतीवरून सरदार काढलात, पदरानं काच पुसलीत आणि माझ्या हातात दिलात. "ह्याला बागेचं वेड. तिकडे म्हणे सगळं हिरवं असतं. घेऊन जा." ऑकलंडच्या विमानतळावर सामानात लाकूड आहे का, माती आहे का, ह्याची तपासणी होते. तिथल्या माणसानं फ्रेम उलटसुलट करून पाहिली, लाकडाला किडीची भोकं आहेत का ते बॅटरीनं बघितलं. मग चित्राकडे बघून हसला. "फॅमिली?" मी म्हटलं, "येस." सरदार आत आला.

तुम्ही गेल्याचं मला आईकडून फोनवर कळलं, तेही दोन महिन्यांनी. आम्ही तेव्हा ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागात एका मोठ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. लेक पोटात होती. आई बोलता बोलता म्हणाली, "अगं, तुझ्या इतिहासाच्या बाई गेल्या बरं का," आणि पुढे डोहाळेजेवणाचं बोलायला लागली. मी फोन ठेवून कोपऱ्यावरच्या डेअरीत पाव आणायला गेले. इकडे डेअरी म्हणजे दूध-डेअरी नव्हे, किराण्याचं छोटं दुकान. दुकानदार नेहमीसारखा "कीया ओरा", म्हणजे इथला नमस्कार, म्हणाला आणि मला रडू फुटलं. त्या बिचाऱ्यानं एक खोकं उलटं करून मला बसायला दिलं.

पुढे हॅमिल्टनला आलो आणि इथे, बाई, तुम्ही विश्वास ठेवणार नाही, नदीकाठच्या सार्वजनिक बागेत चक्क एक इटालियन बाग निघाली. सरदाराच्या काळातली असते तशी. कातरलेली कुंपणं, सरळ वाटा, कारंजं, वेलींचे मांडव, आणि टोकाला उभं राहिलं की खाली वायकाटो नदी. पहिल्यांदा गेले तेव्हा मी सवयीनं नळाजवळच्या कोपऱ्यात शेठांचे वडील शोधले. लेक लहान असताना दर रविवारी आम्ही तिथे जायचो. ती सरदाराला "नोज अंकल" म्हणायची. तिची वेणी घालताना मी त्याच्या गोष्टी सांगायचे. मी मराठीत सांगणार, ती इंग्लिशमध्ये विचारणार, हे आमचं ठरलेलंच. लढाया तिला आवडल्या नाहीत. बर्फाचं तळघर थोडंफार. पण लाकडाची खोली तिला रोज हवी असायची. "टेल द फ्लॅट कपाट वन, आई." मी तुमच्यासारखाच टेबलावरून तळवा फिरवायचे. मला काय माहीत, मी कुठे बी पेरतेय.

कारण दीड वर्षापूर्वी, कायद्याच्या शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षात असताना, ती एका संध्याकाळी स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून म्हणाली, "आई, आय हॅव क्विट." मला वाटलं तिची ती कपड्यांच्या दुकानातली पार्टटाइम नोकरी. ती म्हणाली, नाही, युनिव्हर्सिटी. लोअर हट नावाच्या गावी एका वर्कशॉपमध्ये तिला उमेदवारी मिळाली होती. फर्निचरचं काम. मी पोळी लाटत होते, ती तव्यावर टाकायचीच विसरले. मग मी काय बोलले असेन सांगा? तुमचीच वाक्यं. "आधी पायावर उभी राहा, आवडीचं कुठे पळून जात नाही." ती शांतपणे म्हणाली, "आई, इट्स जॉइनरी. आय विल लिटरली बी ऑन माय फीट ऑल डे." आणि मला अशा वेळी हसू आलं, ते नवऱ्याला अजिबात आवडलं नाही. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "सुतारकाम," एवढंच म्हणाला. "त्यासाठी आलो आपण इतक्या लांब." त्याचंही चुकत नव्हतं. ह्या देशात पहिली दोन वर्षं त्यानं रात्री गोदामात खोकी उचलून दिवसा मुलाखती दिल्या होत्या. त्याच्या डोक्यात मुलीसाठी वकिलाची एक खुर्ची होती, ती रिकामी झाली.

ती गेली लोअर हटला. इथून गाडीनं सहा-सात तास. वर्षभर बापलेकीचं बोलणं म्हणजे, फोन त्यानं उचलला तर "आईला देतो." मी मध्ये सुट्टी काढून तिच्याकडे जाऊन आले. मी मनात उर्बिनोचं काहीतरी धरून गेले होते. वर्कशॉपमध्ये सगळी स्वयंपाकघराची कपाटं! एकसारखी, पांढरी, दाबलेल्या भुश्शाच्या फळ्यांची. "इट्स हीप्स ऑफ किचन्स," ती म्हणाली. हाताला चिकटपट्ट्या, केसांत भुसा. कामानंतर उरलेल्या तुकड्यांवर ती जोडकाम शिकत होती. तिनं मला एक पान दाखवलं, कुठल्याशा झाडाचं, चार रंगांच्या लाकडाचं, बोटाएवढं. मी हात फिरवला. सपाट. "छान आहे," मी म्हटलं. ती म्हणाली, "बट नोबडी ऑर्डर्स दीज, आई. पीपल वॉन्ट किचन्स."

परतीच्या वाटेवर मी गाडी एका ठिकाणी थांबवली आणि तिला फोन केला. "मला एक देवघर करून दे."

"लाइक, अ रियल ऑर्डर?"

"हो."

"सो यू आर द क्लायंट."

"हो."

"स्वीट अ‍ॅज." म्हणजे इकडचं झकास. "क्लायंट्स डोन्ट रिंग एव्हरी डे, ओके?"

बाई, तुम्ही सरदाराच्या औदार्याबद्दल आम्हाला खूप सांगितलंत, पण एक गोष्ट सांगितली नाहीत. काम सांगणं सोपं असतं, सांगून झाल्यावर गप्प बसणं महाकठीण. मी रोज फोन करत होते. वर कळस हवा बरं का. बाजूला मोर घाल. मोर नको असेल तर कमळ तरी. कडेनं घंट्या लावता येतील का? ती आधी हो-हो म्हणाली, मग हं-हं, आणि एक दिवस म्हणाली, "आई, तुला देवघर हवंय की तुला देवघर मेक करायचंय?" मी खरंच गप्प झाले. शेठ आठवले. तेसुद्धा बिचारे ऐकून घेऊन कोपऱ्यात गेले होते. सरदार स्वतः सुतारांच्या डोक्यावर उभा राहत असेल का? बहुतेक नसेल, तो सदा लढाईवर. कदाचित म्हणूनच ती खोली एवढी चांगली झाली. नवऱ्यानं ह्या सगळ्यात भाग घेतला नाही. "ऑकलंडला तयार मिळतात, संगमरवरी, दिव्यासकट," एवढंच एकदा म्हणाला.

ह्याच दिवसांत मी इंटरनेटवर सरदाराबद्दल वाचत बसायचे, तेव्हा एक गोष्ट कळली, जी तुम्हाला ठाऊक नसणार. शेजारच्या फ्लॉरेन्समधल्या राज्यकर्त्या भावांना मारायचा कट झाला होता, त्यात आपल्या सरदाराचाही हात होता, असं अभ्यासकांनी आता शोधून काढलंय. मला एवढं वाईट वाटलं, जसं काही विमानतळावर त्याला फॅमिली म्हटलं होतं ते आता अंगाशी आलं. तुम्हाला हे कसं सांगितलं असतं, ह्याचा विचार करत होते. तुम्ही चष्मा पुसला असतात, म्हणाला असतात, "बरं. हेसुद्धा लिहून घ्या." चित्र मी भिंतीवरून काढलं नाही.

आणि काल दुपारी ती वर्कशॉपची व्हॅन घेऊन आली. पायात जॅन्डल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला, आणि पँट भुश्शानं पांढरी. नवरा पुढच्या अंगणात गवत कापत होता. त्यानं मान हलवली, मशीन बंद केलं नाही. तिनं व्हॅनचं मागचं दार उघडलं आणि एकटीच उचलायला लागली, तेव्हा मात्र मशीन थांबलं. "थांब. कमरेत भरेल तुझ्या," तो म्हणाला. वर्षभरातलं हे सगळ्यात लांब वाक्य. दोघांनी मिळून देवघर आत आणलं आणि हॉलच्या कोपऱ्यात ठेवलं.

पाडलेल्या एका जुन्या घराच्या रिमूचं आहे ते. रिमू म्हणजे इथलं लाकूड, तांबूस, जरासं मधासारखं. कळस नाही. घंट्या नाहीत. वर देवांसाठी साधी कमान आणि एक पायरी. खाली दोन जाळीची दारं. त्यातलं एक थोडं उघडं, आत तांब्या, उदबत्तीचा पुडा, एक जाड पुस्तक. आणि उघड्या दाराच्या कडेवर मोर नाही, तर एक पीवाकावाका. आमच्या मागच्या अंगणात येतो तो चिमुकला पक्षी, शेपटीचा पंखा करून नाचणारा. माझे डोळेच भरून आले होते, मोराचं दुःख करायला जागा कुठे होती?

मी चहा टाकायला गेले. नवरा हात धुऊन आला, देवघरासमोर थांबला, जरा लांबूनच बघत राहिला. मग कपाळाला आठी घालून म्हणाला, "हे खालचं दार नीट लागत नाहीये. बिजागरी ढिली आहे तुझी." आणि वाकून अंगठ्यानं दार लोटलं.

अंगठा जागच्या जागी थांबला. त्यानं पुन्हा लोटलं. मग तळवा लावला. मी स्वयंपाकघराच्या दारात गाळणं घेऊन उभी, लेक भिंतीला टेकून. त्यानं चष्मा काढला, गुडघ्यावर बसला आणि जाळीवरून, तांब्यावरून, पक्ष्याच्या शेपटीवरून बोट फिरवत गेला.

"दार नाहीच?" तो म्हणाला.

"नाही बाबा," ती म्हणाली. मराठीत. "सगळं एकच आहे. सपाट."

तो तिथेच फरशीवर बसला आणि हसायला लागला. आधी हळू, मग असा की त्याला डोळे पुसावे लागले, आणि पुसत राहावे लागले. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. मग त्याचे प्रश्न सुरू झाले. हा गडद रंग कसा आला? (गरम वाळूत भाजून.) हे तुकडे कापायला मशीन लागतं का? सावली कुठून पडतेय हे आधी कसं ठरवतेस? तीही मराठीत सुरू करायची, अडकायची, इंग्लिशमध्ये संपवायची. चहा गार झाला. मध्येच एकदा, सगळं माहीत असूनही, त्यानं ते दार पुन्हा लोटून बघितलं. झालं-गेलं विसरू वगैरे कुणी काही म्हटलं नाही. आज सकाळी ती निघाली तेव्हा व्हॅनच्या खिडकीशी उभा राहून तो एवढंच विचारत होता, "तिथे वर्कशॉपमध्ये हिटर आहे ना? हात गारठले तर बोट कापेल."

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. दुपारी इथल्या मराठी मंडळातल्या एक ओळखीच्या बाई आल्या होत्या. देवघर बघून हरखून गेल्या. कुणी केलं, म्हणाल्या. मी म्हटलं, लेकीनं. "अय्या! काय करते ती? डिझायनर आहे का?" आणि वर्षभर जिची बाजू घेऊन मी नवऱ्याशी भांडले, तिची आई मी, पटकन म्हणाले, "हो, डिझाइनमध्ये आहे." आतल्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला, "सुतार आहे ती." त्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या, आणि मी त्यांना साखर पुरेशी झाली का ते विचारलं.

माझी मुलगी सुतार आहे, बाई.

लिहिता आलं. मोठ्यानं अजून म्हटलेलं नाही.